टूल विकत घेण्याआधी एफ-१२ दाबा

प्रश्न : मी चिपळूणजवळ राहते. वर्षभरापासून घरूनच वेबसाइट बनवून देते, शिकले ते सगळं यूट्यूबवरून. नुकतीच एका होमस्टेची मराठी साइट करून दिली. माझ्या लॅपटॉपवर ती झकास दिसते, पण मालकांच्या फोनवर उघडायला दहा-बारा सेकंद लागतात, मोठ्या शीर्षकांतल्या वेलांट्या वरून कापल्या जातात, आणि "अक्षरं सुटी सुटी दिसतात" असंही ते म्हणतात. एका ओळखीच्यांनी सांगितलं की चांगली टूल्स विकत घेतल्याशिवाय हे सुटायचं नाही. वर्षाला अठरा-वीस हजारांचं पॅकेज त्यांनी सुचवलंय. लॅपटॉप आठ जीबी रॅमचा आहे. नेमकं काय घेऊ?

उत्तर : सध्या काहीच घेऊ नका. तुमच्या तिन्ही तक्रारींपैकी एकही पैशाने सुटणारी नाही, आणि तिन्हींचं निदान करायचं हत्यार तुमच्या क्रोममध्ये आधीपासून आहे. एफ-१२ दाबलं की उघडतं ते डेव्हटूल्स. बहुतेकांना त्यातला एलिमेंट्स हा एकच कप्पा माहीत असतो, बाकीच्यांकडे कोणी फिरकत नाही.

आधी वेगाचं बघू. साइट इनकॉग्निटो खिडकीत उघडा, नाहीतर तुमच्या एक्स्टेन्शनांचं ओझंही साइटच्या नावावर चढतं. एफ-१२ दाबून नेटवर्क कप्प्यात जा. 'डिसेबल कॅश'वर टिक करा (कॅश म्हणजे आधी उतरवलेल्या फाइलींचा साठा), शेजारच्या यादीतून 'स्लो ४जी' निवडा, कंट्रोल-शिफ्ट-एम दाबून पान मोबाइलच्या मापात आणा आणि रिलोड करा. आता 'साइझ' या मथळ्यावर क्लिक केलंत की सगळ्यात जड फाइल वर येईल. तुमच्या लॅपटॉपवर साइट झटकन उघडते त्याचं कारणही इथेच कळेल. त्या फाइली तुमच्याकडे कॅशमध्ये पडून आहेत आणि घरात वायफाय आहे. मालकांच्या फोनकडे दोन्ही नाही.

वर येणाऱ्या फाइली बहुतेक फोटोच असतील. बारा मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा आणि तीन ते पाच एमबीचा असतो. १० एमबीपीएसची जोडणी सेकंदाला सव्वा एमबी आणते, म्हणजे चार एमबीचा एकच फोटो तीन सेकंदांहून जास्त वेळ खातो. पहिल्या पानावर तीन-चार असे फोटो असले की तुमचे दहा-बारा सेकंद झालेच. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांत, रुंदी १०० टक्के दिली म्हणून फाइल लहान होत नाही. फोटो फक्त लहान दिसतो, उतरवावा पूर्णच लागतो.

इलाज : स्क्वूश नावाचं साधन ब्राउझरमध्येच चालतं, फुकट आहे, आणि फोटो कुठे अपलोड न होता तुमच्याच यंत्रावर दाबला जातो. फोटो टाका, 'रिसाइझ'मध्ये रुंदी १६०० करा, प्रकार 'वेबपी' निवडा, क्वालिटी ७५. मधली उभी पट्टी सरकवून आधीचा आणि नंतरचा फोटो ताडून बघा. खोलीचा किंवा अंगणाचा फोटो असेल तर फाइल बऱ्याचदा दोन-तीनशे केबीच्या आत येते. नारळी-पोफळीची बाग आणि जांभ्याची भिंत मात्र ऐकत नाही, कारण बारीक तपशील जितका जास्त तितकी फाइल जड. तिथे क्वालिटी ६० पर्यंत खाली आणा. पानांच्या गर्दीत फरक कोणाच्या डोळ्याला कळत नाही, आकाशात आणि पांढऱ्या भिंतीवर मात्र लगेच कळतो. शिवाय त्याच फोटोची ८०० रुंदीची आणखी एक प्रत करून दोन्ही फोटोच्या टॅगवरच्या 'सोर्ससेट'मध्ये द्या आणि फोटो किती रुंद दिसणार ते सांगणारं 'साइझेस' सोबत लिहा. ते विसरलात तर फोटो पूर्ण स्क्रीनभर दिसणार असं धरून ब्राउझर फाइल निवडतो आणि छोट्या चौकोनासाठीही मोठी फाइल ओढतो.

इथे दोन चुका सर्रास होतात. 'लोडिंग=लेझी', म्हणजे गरज पडेल तेव्हाच फोटो उतरव ही सूचना, प्रत्येक फोटोवर चिकटवली जाते. ती खालच्या फोटोंना द्यावी, पान उघडताच दिसणाऱ्या पहिल्या मोठ्या फोटोला नाही. त्याला दिलीत तर तोच उशिरा येतो. दुसरी चूक म्हणजे फोटोच्या टॅगवर 'विड्थ' आणि 'हाइट' न लिहिणं. मग ब्राउझरला जागा राखून ठेवता येत नाही, फोटो आला की मजकूर खाली उडी मारतो, आणि 'बुकिंग'वर टेकणारं बोट भलत्याच ठिकाणी पडतं.

मालकांकडून फोटो मागवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नुसता फोटो म्हणून पाठवला की तो वाटेतच दाबला जातो आणि तुम्ही दाबलेलं पुन्हा दाबत बसता. पण मूळ फाइलमध्ये फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. होमस्टेला त्याचं काही नाही, लोकांनी यावं हीच तर इच्छा. कोणाच्या राहत्या घराचे किंवा शाळेतल्या मुलांचे फोटो असतील तर ती माहिती काढून टाकल्याशिवाय साइटवर चढवू नका.

मोजमापासाठी डेव्हटूल्समधलंच लाइटहाउस पुरे. ते पानाला शंभरपैकी गुण देतं : ९० आणि वर हिरवा, ५० ते ८९ नारिंगी, त्याखाली लाल. एकदा चालवून आलेल्या आकड्यावर जाऊ नका, दर वेळी तो थोडा हलतो. तीनदा चालवा आणि मधला धरा. १०० च्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्याऐवजी दोन गोष्टींकडे बघा : पानावरचा सगळ्यात मोठा ऐवज अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे आणि मजकुराच्या सरकासरकीचा लाइटहाउसमधला आकडा ०.१ च्या खाली राहिला पाहिजे.

आता अक्षरांकडे. इंग्रजीतले धडे पाहून शिकलेल्याला इथे कोणी वाट दाखवत नाही.

वेलांट्या कापल्या जातात कारण थीम इंग्रजीसाठी बनलेली आहे. शीर्षकाची 'लाइन-हाइट', म्हणजे ओळीची उंची, तिथे १.१ किंवा १.२ असते, रोमन कॅपिटल अक्षरांना ती पुरते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे मजले. त्यात डब्यावर 'ओव्हरफ्लो हिडन' (डब्याबाहेर जाईल ते लपव) असेल तर वरचा भाग सरळ कात्रीने कापल्यासारखा जातो. शीर्षकावर राइट-क्लिक करून 'इन्स्पेक्ट' निवडा, उजवीकडे 'लाइन-हाइट'च्या आकड्यावर क्लिक करा आणि ऑल्ट धरून वरचा बाण दाबत जा. आकडा ०.१ ने वाढेल आणि पानावर परिणाम लगेच दिसेल. शीर्षकाला १.४ च्या आसपास आणि परिच्छेदाला १.६ ते १.७ बहुतेक फॉन्टांना मानवतं. पारखायला 'मूर्तींची राष्ट्रकूटकालीन घडण' अशी ओळ दोनदा, एकाखाली एक लिहा. पहिल्या ओळीचे ऊकार आणि दुसरीचे रफार एकमेकांना टेकले नाहीत म्हणजे जमलं. डेव्हटूल्समधला बदल रिलोड केल्यावर पुसला जातो, तेव्हा आकडा ठरला की तो सीएसएस फाइलमध्ये लिहायला विसरू नका.

अक्षरं सुटी दिसण्यामागे नव्वद टक्के वेळा 'लेटर-स्पेसिंग', म्हणजे दोन अक्षरांमधलं अंतर, असतं. इंग्रजी मेनू आणि बटणांना ऐसपैस दिसावं म्हणून थीमवाले ०.०५ एम वगैरे अंतर घालतात. मराठीत तेवढ्याने शिरोरेषा तुटते आणि 'समुद्रकिनारा' हा शब्द दातांत फटी असल्यासारखा दिसतो. एलिमेंट्सच्या 'कम्प्युटेड' कप्प्यात 'लेटर-स्पेसिंग' शोधा आणि सीएसएसमध्ये ते 'नॉर्मल' करा. हा गुण वरच्या डब्यातून खालच्यांत उतरतो, म्हणून एकेका शीर्षकामागे न धावता ':लँग(एमआर)' या सिलेक्टरने सगळ्या मराठी मजकुराला एका ओळीत लावून टाका. थीमचा नियम जास्त नेमका असेल तर तो तरीही वरचढ ठरतो, त्यामुळे लावल्यावर 'कम्प्युटेड'मध्ये पुन्हा एकदा बघा.

उरलेल्या दहा टक्क्यांत दोषी असतं ॲनिमेशन. शीर्षकाचं एकेक अक्षर उडत येतं अशा स्क्रिप्टा शब्दाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळ्या डब्यात ठेवतात. इंग्रजीत ते चालतं. मराठीत 'कि'ची वेलांटी क पासून तुटते आणि तिच्याशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. तिथे शब्दागणिक तुकडे करायला लावा, किंवा ती करामत काढूनच टाका. खरं सांगायचं तर खोली बुक करायला आलेल्या माणसाला उडत्या अक्षरांशी काही देणंघेणं नसतं.

हे ':लँग(एमआर)' चालायचं असेल तर एचटीएमएल टॅगवर 'लँग'मध्ये 'एमआर' लिहिलेलं हवं. तुमच्या फाइलीत तिथे 'ईएन' असण्याची दाट शक्यता आहे, कारण व्हीएस कोड या कोड लिहायच्या साधनात उद्गारचिन्ह टाइप करून टॅब दाबलं की जो तयार सांगाडा येतो त्यात तेच लिहून आलेलं असतं. हा दोन अक्षरांचा बदल बराच काही करतो. ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ल आणि श मराठी वळणाचे येतात, आणि दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो.

फॉन्टचं म्हणाल तर 'कम्प्युटेड' कप्प्याच्या अगदी तळाशी 'रेंडर्ड फॉन्ट्स' असं लिहिलेलं असतं. सीएसएसमध्ये काय लिहिलंय ते तिथे दिसत नाही, पडद्यावर खरोखर कुठला फॉन्ट आला ते दिसतं. तिथे तुम्ही निवडलेल्या नावाऐवजी विंडोजचा निर्मला किंवा फोनचा स्वतःचा फॉन्ट असेल तर समजा की निवडलेल्या फॉन्टात देवनागरी नाहीच. पॉपिन्समध्ये देवनागरी आहे, रोबोटो आणि मॉन्सेराटमध्ये नाही. 'गूगल फॉन्ट्स'वर भाषेच्या यादीतून देवनागरी निवडून मगच फॉन्ट बघा. मजकुरासाठी मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला 'मुक्त' नावाचा फॉन्ट किंवा नोटो सान्स देवनागरी निर्धास्त वापरा. लांब वाचनाला सेरिफ हवा असेल तर टीरो देवनागरी मराठी आहे. त्याच नावाचे हिंदी आणि संस्कृत भाऊही आहेत, उतरवताना नाव नीट बघा.

मुक्तमध्ये २०० ते ८०० अशी सात वजनं आहेत. सातही घेऊ नका. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाइल रोमनपेक्षा बरीच जड असते. ४०० आणि ७०० एवढी दोन पुरतात. पण दोन तरी घ्याच. फक्त ४०० घेऊन शीर्षक ठळक केलंत तर ब्राउझर अक्षरावर शाई फासल्यासारखा खोटा ठळकपणा देतो आणि 'क्ष', 'ण', 'ष' यांची पोटं बुजतात. तिरप्या अक्षरांचंही तसंच. बहुतेक मराठी फॉन्टांना तिरपं रूप नसतं, ब्राउझर सरळ अक्षर वाकवून देतो. जोर द्यायचा तर ठळक करा.

फॉन्टच्या फाइली वॉफ-२ प्रकारात आपल्याच सर्व्हरवर ठेवा आणि 'फॉन्ट-डिस्प्ले'ला 'स्वॅप' द्या, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत पान कोरं राहत नाही. गूगलचा फॉन्ट दुसऱ्या साइटवरून आधीच उतरलेला असतो म्हणून तो फुकटात मिळतो, हा युक्तिवाद जुना झाला. २०२० मध्ये आलेल्या क्रोम ८६ पासून प्रत्येक साइटची कॅश वेगळी असते.

मजकुरातली एक खोच अशी आहे की ती डोळ्यांना दिसतच नाही. होमस्टेच्या पानावर 'डोंगरदऱ्या' असणारच. त्यातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो : स्वतंत्र ऱ, हलन्त आणि य असा, किंवा साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं चिन्ह आणि य असा. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. व्हीएस कोड अशा अदृश्य चिन्हाभोवती चौकट काढून संशय दाखवतो, आणि सफाईच्या उत्साहात कोणी ते पुसलं की दऱ्यांचा दर्या होतो. कोकणात दोन्ही असल्यामुळे वाचणाऱ्यालाही पटकन चूक कळत नाही! साइटवर शोधपेटी असेल तर एका प्रकाराने लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकाराने शोधल्यावर सापडत नाही. 'ॲप'मधल्या ॲ ची तीच गत : एक सलग ॲ, दुसरा अ वर वेगळा चंद्र. साठवण्याआधी आणि शोधण्याआधी दोन्ही रूपं एकाच रूपात बदलणाऱ्या दोन ओळी लिहून ठेवा. नुसत्या युनिकोड नॉर्मलायझेशनने, म्हणजे अक्षरांची रूपं एकसारखी करायच्या तयार सोयीने, ही रूपं एक होत नाहीत.

मजकूर कापतानाही जपा. 'विद्यार्थी' आपल्या लेखी तीन अक्षरं, जावास्क्रिप्टच्या लेखी दहा. 'पहिली शंभर अक्षरं दाखव' असं लिहिलंत की कुठेतरी हलन्तावर नाहीतर वेलांटीआधी सुरी पडते आणि शब्दाचं शेपूट लटकत राहतं. शक्य तिथे कापायचं काम ठरावीक ओळींनंतर मजकूर थांबवणाऱ्या सीएसएसच्या 'लाइन-क्लॅम्प'वर सोपवा. कोडमध्येच कापायचं असेल तर जावास्क्रिप्टमधल्या 'इंटल सेगमेंटर'ने शब्दांच्या सीमेवर कापा.

छापखान्यातून आलेला मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत असेल तर पेस्ट केल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. ते युनिकोड नाही, रोमन अक्षरांवर चढवलेले मराठी मुखवटे आहेत. कन्व्हर्टरमधून काढा, पण नंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि ऱ्य डोळ्यांत तेल घालून तपासा. चुका तिथेच होतात.

साइट वर्डप्रेसवर असेल तर पानाचा पत्ता मराठीत ठेवू नका. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह पत्त्यात टक्क्यांच्या चिन्हांसह नऊ जागा घेतं आणि वर्डप्रेस २०० जागांवर पत्ता तोडतं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं, मात्रा-हलन्त धरून. शिवाय असा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्के-आकड्यांची माळ दिसते आणि लोक फसवी लिंक समजून उघडत नाहीत. रोमनमध्ये दोन-तीन शब्द पुरे.

रंगांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण एक गोष्ट सांगूनच टाकतो. आपल्याकडे भगवं बटण आणि त्यावर पांढरी अक्षरं ही आवडती जोडी आहे. 'एफएफ९९३३' हा केशरी आणि पांढरा यांच्यातल्या उजेडाच्या फरकाचं (कॉन्ट्रास्टचं) गुणोत्तर २.१ च्या आसपास येतं, आणि साध्या मजकुराला ४.५ हवं. उन्हात फोन धरलेल्याला ते बटण कोरं दिसतं. डेव्हटूल्समध्ये अक्षराच्या रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की हे गुणोत्तर तिथेच लिहून येतं. केशरी तोच ठेवून अक्षरं गडद तपकिरी केली तरी काम होतं.

हे सगळं झाल्यावर खऱ्या फोनवर बघा. लॅपटॉपमधला मोबाइल फक्त मापाने मोबाइल असतो, त्याचा प्रोसेसर आणि फॉन्ट लॅपटॉपचेच. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप करा, उघडलेल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी डीबगिंग' सुरू करा, केबल जोडा आणि लॅपटॉपच्या क्रोममध्ये 'क्रोम://इन्स्पेक्ट' उघडा. फोनवरचं पान लॅपटॉपवरून तपासता येतं. यादीत फोन दिसत नसेल तर आधी केबल बदला, चार्जिंगपुरत्या केबलीतून डेटा जातच नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर चार-पाच हजारांचा एक जुना अँड्रॉइड फोन घ्या. तो त्या पॅकेजपेक्षा जास्त शिकवेल.

बाकी हत्यारं थोडक्यात. व्हीएस कोड आणि त्यात प्रीटियर हे कोडची मांडणी करणारं एक्स्टेन्शन, सेव्ह करताच मांडणी नीट होईल अशी सेटिंग लावून. आठ जीबी रॅम याला भरपूर आहे, एक्स्टेन्शनांचा बाजार मात्र मांडू नका. डिझाइनला फिग्माचा मोफत प्लॅन, किंवा पूर्ण फुकट हवं तर पेनपॉट. डिझाइनमध्ये 'लोरेम इप्सम' न भरता मालकांचा खरा मराठी मजकूर भरा, 'उपलब्धता तपासण्यासाठी' हे बटणात मावतं का ते तिथेच कळेल. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर टाइपच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा. एसएसएलला, म्हणजे 'एचटीटीपीएस'साठी लागणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्राला, पैसे मोजू नका, लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट आहे. ते ९० दिवसांचं असतं, त्यामुळे आपोआप नूतनीकरण चालू आहे का तेवढं होस्टिंगवाल्यांना विचारा. फाइली चढवायला साधं एफटीपी नको, त्यात पासवर्ड उघडा जातो. एसएफटीपी घ्या, पोर्ट २२.

आणि फाइलींच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट शिका, तेही या महिन्यातच. 'इंडेक्स-फायनल-नवीन-२' अशा प्रती साठवणं थांबेल आणि मालकांनी "परवाचंच बरं होतं" म्हटलं की परवाचं एका मिनिटात परत आणता येईल. फक्त पासवर्ड किंवा गुप्त चाव्या असलेली फाइल 'गिटइग्नोर'मध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, पहिल्याच दिवशी टाका. एकदा चुकून चढलीच तर नंतर खोडून उपयोग नाही, ती इतिहासात राहते. ती चावीच बदलावी लागते.

दुरुस्त झालेली साइट मालकांना पाठवाल तेव्हा व्हॉट्सॲपवर लिंकसोबत चित्र यावं म्हणून 'ओजी इमेज' लावा, १२०० बाय ६३० पिक्सेल, तीनशे केबीच्या आत, पत्ता 'एचटीटीपीएस'पासून पूर्ण लिहिलेला. जुनंच चित्र येत राहिलं तर घाबरू नका, व्हॉट्सॲप आधीची प्रत जपून ठेवतं. लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून 'व्ही=२' जोडा आणि पुन्हा पाठवा.